लाल लोकरीचं गाऱ्हाणं

"सगळां उपटल्यान! मुळासकट!" विकी किंचाळला.

संजना शाळेमागच्या माळावर मटकन खालीच बसली. दोन पावसाळे तिने, विकीने आणि रियाने तोंडवलीच्या गावकऱ्यांना हाताशी धरून हा माळ फुलवला होता. कातळाच्या सड्यावरून तेरड्याचं, हरणाच्या पिवळ्या फुलांचं बी आणून पेरलं होतं. उद्या चतुर्थी! गणपतीवर टांगायच्या माटवीला प्रत्येक घराने मूठभर फुलं न्यायची, पण लाल लोकर बांधलेल्या बियाण्याच्या झाडांना हात लावायचा नाही, असं गावाने ठरवलं होतं. आणि नेमकी तीच झाडं गायब! बी नाही, तर पुढच्या वर्षी माळही नाही.

"रडतंस काय गो?" रियाने विचारलं.

"रडतंय? राग इलो हा माका! जेणी ह्यां केल्यान, तेका मी सोडूचंय नाय!"

"पण शोधूचो खंय?" विकी म्हणाला.

"भजनाक सगळ्या घरांत जातलोच मां? माटवे बघूया!" संजना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भजन सहाव्या घरी पोचलं. हे हरिश्चंद्रकाकांचं घर. गावात पहिला मोबाईल यांचा, माटवीही यांचीच मोठी!

"अशी माटवी खंय बघितलास?" काका मिशीवर ताव देत म्हणाले.

विकीने संजनाला कोपर मारलं. वर तेरड्याच्या झुबक्यात लाल लोकर! एक नाही, चांगल्या दहा गाठी! काकांनी घाईत झाडं तशीच टांगली होती.

संजनाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती ओरडली नाही. भजनानंतर सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गुणाजी आजोबांच्या कानाशी लागली, "आजोबा, आज गाऱ्हाणां मी घालू?"

"घाल गो!" आजोबा हसले.

सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"आमचो माळ जेणी ओरबाडल्यान, तेच्या करंजेत नुसतो वारो भर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका वरीसभर माळावरचां रान काढूक लाव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेच्या माटवेक आमची लाल लोकर आसा, तोच तो चोर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज हरिश्चंद्रकाकांचा! जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. मग सगळ्यांनी डोळे उघडले आणि माना वर केल्या. काकांचा चेहरा पार उतरला.

"देवासमोर व्हय म्हटलंस, हरिश्चंद्रा," गुणाजी आजोबा म्हणाले. "आता सुटका नाय!" मग त्यांनी संजनाची पाठ थोपटली. "शाबास गो! इतकी वर्सां गाऱ्हाणी घातलंय, पण इतक्या बेगीन देव कधी पावलो नाय!"

विसर्जनानंतर काकांनी माटवीतली झाडं स्वतः माळावर आणून झाडली. निम्म्या शेंगांत तरी बी भरलेलं होतं. पुढच्या पावसात ते माळावरचं तण काढायला वाकले, तेव्हा संजना बांधावर करंजी खात बसली होती.

"काका, तो कोपरो रवलो!"