पालथं प्रकरण

"वहिनी, माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण चोरीला गेलं!" मुलगी दारातच रडवेली झाली.

अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांची बायको खासगी गुप्तहेर. ओळखीपाळखीचे सगळे तिला वहिनी म्हणत. अण्णा तिचे मदतनीस. मदत कमी, शंका जास्त.

मुलगी सर्जनशील लेखनात पीएच.डी. करत होती. प्रबंध म्हणजे एक कादंबरी आणि तिच्यावरचा निबंध. मुदतवाढही संपत आलेली. आज कचेरी बंद व्हायच्या आत तो जमा झाला नाही, तर सहा वर्षं पाण्यात. शेवटचं प्रकरण ती पंधरवडाभर घरी बसून हातानं लिहीत होती. टाइप व्हायचं होतं.

"सकाळी संशोधकांच्या खोलीत टेबलावर ठेवलं आणि निबंध छापायला गेले. परत येते तो टेबल रिकामं!"

"कुणी वाचलं असेल?"

"छे! शेवट दिसू नये म्हणून पानं पालथी घातली होती. सरांना तो मान्यच नाही. नायिका घरी परत येते ना! वर्षभर वाद चाललाय."

चोर सापडला, अण्णांनी मनात ठरवूनही टाकलं.

विद्यापीठात वहिनींनी विचारताच मार्गदर्शक सर भडकले. "शेवट मला पटत नाही, म्हणून मी चोर? मी खोलीत गेलो तेव्हा टेबल मोकळंच होतं."

"चोराच्या मनात चांदणं," अण्णा पुटपुटले. वहिनींनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

शेजारच्या टेबलावरचा संशोधक संस्कृती अभ्यासातला. विषय: लेखकांचे टाकाऊ खर्डे. कपाटात बंद पाकिटांची चळत होती.

"वाचता हे सगळं?"

"आत्ता नाही. लेखकाची परवानगी आल्याशिवाय पान उलटतही नाही. मागच्या आठवड्यात सगळ्यांना विनंती केली, तेव्हापासून इथे कुणी कागद चुरगळत नाही."

"हिचं प्रकरण पाहिलंत?"

"प्रकरण? तिच्या टेबलावर प्रकरण नव्हतंच."

वहिनी खोलीभर फिरल्या. सगळ्या टेबलांवर लिहिलेली पानं सुलटी. कोपऱ्यात एकच पान पालथं होतं. त्यांनी ते उलटलं. त्यावर नुसती खाडाखोड.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"चोर नाहीच. नको असलेली पानं इथे पालथी ठेवतात. हे ठरलं तेव्हा ही घरी लिहीत बसलेली. हिनं शेवट लपवायला पानं पालथी घातली, यानं ती टाकाऊ समजून न उलटता पाकिटात भरली. म्हणून तर 'प्रकरण नव्हतंच' इतक्या ठामपणे म्हणाला. टेबलावरची पालथी पानं यानं पाहिली होती, पण ती रद्दीच वाटली."

संशोधकानं जीभ चावली आणि वरचं पाकीट फोडलं. पानं जशीच्या तशी!

"काखेत कळसा!" अण्णा म्हणाले.

सरांनी हात पुढे केला. मुलीनं क्षणभर पानं छातीशी धरली, मग दिली. सर उभ्याउभ्याच वाचू लागले.

शेवटचं पान संपलं. सरांनी चष्मा पुसला.

"परत येते खरी, पण हरून नाही येत. मीच चुकलो गं." ते खुर्ची ओढून बसले. "चल, बस टाइप करायला. मी वाचून दाखवतो."