वाजणारी फरशी

बसा असे जवळ. दिवा मोठा करू नका, आहे तेवढा पुरे. आणि ही ऐकीव नाही बरं. ज्याच्यावर बेतली, त्याच्या शेजारी बसून मी उभी हयात डबा खाल्लाय.

तो फरश्या बसवायचा, मी भिंतींना गिलावा करायचो. त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. हाही तसाच. सरळ आणि मुका. चुकलेल्याला तोंडावर चुकलं म्हणणार. बरोबर आलेल्याला काहीच म्हणणार नाही. “बरोबर यायलाच पाहिजे, त्यात बोलायचं काय?”

आम्हा लोकांत एक रीत आहे. शिकाऊ गडी पहिल्यांदा अख्खी खोली एकट्याने करतो, पण एक फरशी बसवायची ठेवतो. मग वस्ताद येतो, माल लावायची करणी उलटी धरतो आणि दांड्याने एकेक फरशी ठोकत जातो. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो. नसेल तर पोकळ. सगळं भरीव निघालं की शेवटची फरशी वस्ताद आपल्या हाताने बसवतो. बोलत काही नाही. पण त्या दिवसापासून तो गडी कारागीर.

ओळंब्याने एकुलत्या एका पोराला आपल्याच घरातली मागची खोली करायला दिली. पोराने जीव ओतला. बाप ठोकत ठोकत गेला, आणि दारापाशी एक फरशी... डब्ब.

“वाजतेय,” म्हणाला. करणी ठेवली आणि बाहेर निघून गेला.

शेवटची फरशी पोराने स्वतःच बसवली. त्याची आई सांगते, रडत बसवली. महिनाभरात पोरगा समुद्रापलीकडे कामाला गेला.

मोठं बंदर आहे ते. आशियातली झाडून सगळी माणसं तिथे येऊन राहिलेली. एका पाटीवर चार लिप्या, एका गल्लीत चार देव. पोरगा आईला फोन करायचा. एकदा म्हणाला, “आई, घड्याळाच्या मनोऱ्यामागे एक छोटं लॉज आहे. वरची खोली मी एकट्याने केलीय. एक फरशी ठेवलीय. बाबांना सांग.”

आईने फोन पुढे केला. ओळंबा म्हणाला, “माझे हात भरलेत.”

हात कोरडे होते हो. मी तिथेच बसलो होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोरगा परांचीवरून पडला. पेटी आली घरी. ओळंबा दारात उभा राहिला तो उभाच. आम्हीच उचलून आत घेतली.

पुढे वर्ष होत आलं तेव्हा बायकोच म्हणाली, “जाऊन या.”

“काय करू जाऊन?”

“ठेवलीय ना त्याने एक.”

काय म्हणतेस गं? भूत कधी येणार? येईल. त्याला पायी यायचंय, धीर धर जरा.

तर हा निघाला. एकटा. पिशवीत एक जोड कपडे आणि करणी. सामान तपासणाऱ्याने करणी वर धरून विचारलं, हे काय? भाषा कुठे येतेय? याने तिथेच खाली बसून हवेत फरशी बसवून दाखवली. मागची रांग हसली. तपासणाऱ्याने हात जोडून सोडलं.

तुम्ही विचाराल, तिथे उतरल्यावर, अनोळखी मुलूख, वाचता येत नाही, भीती नाही वाटत? पण ज्याला एकही लिपी येत नाही, त्याला चार लिप्यांचं काय भय? सगळ्या सारख्याच. बाकीचे पाहुणे माना वर करून उंच इमारती बघत होते. हा मान खाली घालून जमीन बघत फिरला. देवळाच्या पायऱ्या बघितल्या, शेजारच्या मशिदीचं अंगण बघितलं, पलीकडच्या चर्चचा ओटा बघितला. परत आल्यावर मला म्हणाला, “सगळीकडे कारागिराने गुडघेच टेकलेत रे.” दुकानांचे उंबरे बघितले, बोटीच्या धक्क्यावर बसला. प्रत्येक फरशीवर टाच आपटायची, मान हलवायची. हा हात माझ्या पोराचा नाही. पुढे.

मनोऱ्याची वाट त्याला सुया विकणाऱ्या एका बाईने दाखवली. सांगून कळेना, तेव्हा बाही धरून नेलं.

मनोऱ्यामागे एक इस्त्रीवाला होता. निराळ्याच देशाचा माणूस, चेहराही निराळा. त्याने पिशवीतून डोकावणारी करणी बघितली आणि मोठ्याने म्हणाला, “पाणी कमी, डोकं जास्त!”

आपल्या भाषेत!

ओळंबा जागीच थिजला. माल कालवताना पोराला जन्मभर हेच बोलायचा तो. आपलाच टोमणा परक्या तोंडून ऐकला त्याने.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. त्याचं हसू गेलं. “तू... बाबा?”

याने मान हलवली.

इस्त्रीवाला याला लॉजवर घेऊन गेला. तिथली मालकीण म्हातारी होती. तिने याला वर नेलं, खाट ओढली. कोपऱ्यात एका फरशीएवढी मोकळी जागा. पुसून स्वच्छ ठेवलेली. फरशी कापडात गुंडाळून भिंतीला टेकवलेली. इस्त्रीवाला तोडकंमोडकं बोलला, “मिस्तरी येतो, बसवतो म्हणतो. ही हाकलते. म्हणते, बाप येणार. पोरगा सांगून गेला.” म्हातारीने ओळंब्याच्या पाठीवरून हात फिरवला. काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही, त्यानेही विचारला नाही.

इस्त्रीवाल्याने घमेल्यात सिमेंट-वाळू आणून दिली, बादलीभर पाणी दिलं. दोघं खाली गेले.

आता बसवायचं तर आधी ठोकायला हवं. रीतच ती. ओळंबा खाटेवर बसला, करणी मांडीवर घेतली. आणि हात उचलेना. एखादी पोकळ निघाली तर? आणि... एकही नाही निघाली तर? मग पोराला घरातून घालवलं ते कशापायी?

बसून राहिला तसाच. गल्ली निजली. शेवटची बोट भोंगा देऊन गेली.

गेल्या फेब्रुवारीतल्या शुक्रवारची ती रात्र. मनोऱ्यात घंटा झाली. पावणेदोन. दिवा गेला.

आणि दारापाशी...

ठक.

करणी तर याच्या मांडीवर.

ठक. भरीव. पुढची फरशी. ठक. तीही भरीव. घाई नाही. एक झाली की पुढची. ओळ संपली. दुसरी ओळ. आवाज भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. जवळ... आणखी जवळ. खिडकीतून उजेडाची एक पट्टी पडली होती. ठक. पट्टीत कोणी नाही. ठक. फरशी पायाखाली हलली... नाही. तळव्याला ठोका लागला.

खाटेखालून गेला आवाज.

कोपऱ्यापाशी आला.

थांबला.

...

शिकाऊ गडी तिथेच थांबतो. वर वस्तादाच्या तोंडाकडे बघतो.

अंधारात कोणीतरी वाट बघत होतं... श्वास नव्हता. नुसतं वाट बघणं.

ओळंबा खाटेवरून खाली उतरला. गुडघे टेकले. अंधारातच माल कालवला. पाणी कमी. माल पसरला, फरशी टेकवली, करणीच्या दांड्याने एकदाच ठोकली.

ठक.

मग म्हणाला, “भरीव आहे रे. सगळीच... भरीव आहे.”

काही झालं नाही. कोणी दिसलं नाही. पहाटे म्हातारी वर आली तेव्हा हा त्या कोपऱ्याशी गाल टेकून निजला होता.

पोरांनो, एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, बापाच्या मनाचे खेळ. पण ऐका.

घरातली ती फरशी आठवते ना, दारापाशची, वाजणारी? पोरगा गेल्यापासून त्याची आई रोज मुद्दाम तिच्यावर पाय द्यायची. डब्ब. जाता डब्ब, येता डब्ब. मला म्हणायची, “भावजी, तेवढाच त्याचा आवाज राहिलाय घरात.”

ओळंबा परत आला. मीच त्याला घरी सोडायला गेलो. वहिनी मागच्या खोलीत, दारापाशी उभी. एक पाय उचलायची, टेकवायची. उचलायची, टेकवायची.

“काय झालं गं?” याने विचारलं.

“शुक्रवारी रात्रीपर्यंत वाजत होती हो,” ती म्हणाली. “शनिवारी सकाळी उठले तर...”

सांधे जुनेच होते. वर्षांची धूळ होती त्यांत. कोणी हात लावला नव्हता. ओळंबा खाली बसला, करणी उलटी धरली, ठोकली. मीही ठोकली.

भरीव.

परवाच जाऊन आलो मी तिथे. वहिनी अजून जाता-येता त्या फरशीवर पाय देते. जरा थांबते. कान देते.

आणि मग पुढे जाते.