होडीतल्या दोन किल्ल्या

दोराच्या दुकानात एक उंच माणूस हात फैलावून दोर मोजत होता. तिसऱ्यांदा हात फैलावले, आणि त्याची मूठ थेट माझ्या नाकावर!

"सॉरी… लागलं का?"

"नाक जागेवर आहे. तुमचं मोजमाप मात्र चुकलं असेल."

चुकलं होतंच. मी गेले होते सुतळीचा गुंडा आणायला – पुस्तकांची बांधणी हा माझा धंदा – आणि त्यालाच बारा हात दोर मोजून देत बसले.

"कशाला हवाय एवढा?"

"होडी घेतलीये. शिडाची."

"चालवता येते?"

"अजून नाही."

इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला, की मी हसायचंच विसरले. त्याचा धंदा चष्मे बनवण्याचा, आणि स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून खिशात शोधत होता. झालं… तिथेच माझं काही खरं राहिलं नाही.

सहा महिन्यांत लग्न झालं, आणि आम्ही होडीवर राहायला गेलो. आई म्हणाली, "अगं, तू जमिनीवर धड चालत नाहीस." पण माझी जुनी खोली मी अजून सोडलेली नाही, हे मी आईला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. किल्ली साखरेच्या डब्यात, तळाशी होती. महिनाअखेरीला घरमालकीणबाईंना काय ते कळवायचं होतं.

महिना मजेत चालला होता. केबिनच्या छताला रोज कुणीतरी डोकं आपटायचं आणि दुसरा तिथे फुंकर घालायचा. चहा निम्मा कपात, निम्मा पायावर. रोज सकाळी कोवळं ऊन पाण्यावरून उसळून त्याच्या गालावर नाचायचं, आणि मी कामाला उशिरा पोचायचे. पण सुखात असले की मला भीतीच वाटते. हे नाही जमलं तर?

महिन्याच्या शेवटच्या रविवारी शीड उभारायचा सराव करून आम्ही दुपारी धक्क्याला लागलो. भरती अगदी काठोकाठ होती.

"होडी मी बांधणार," मी म्हटलं. "माझी गाठ वीस वर्षं सुटत नाही."

"बांधा, बाइंडरबाई."

तोच बारा हात दोर मी असा आवळला, की होडी इंचभर हलू नये. तो कौतुकाने बघत राहिला. ओहोटी येणार, पाणी उतरणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चार वाजता मी दुपारच्या झोपेतून घरंगळत त्याच्या अंगावर गेले. पाणी खाली गेलं होतं आणि आमची होडी एका बाजूने धक्क्याला लटकली होती! भांडी, पुस्तकं, त्याची हत्यारपेटी, साखर… सगळा संसार एका कोपऱ्यात. गाठ सुटेना. शेवटी त्याने दुसरा दोर सैल बांधून घेतला आणि मी माझ्याच बांधणीच्या सुरीने पहिला कापला. धप्पकन होडी सरळ झाली.

साखर भरायला वाकले, तर किल्ली वर. त्याच्या समोरच.

"माझ्या खोलीची आहे," मी म्हटलं. "सोडायचा धीर झाला नाही. तुला सोडून जायचं म्हणून नाही रे… फक्त…"

सांडलेल्या स्क्रूंमधून त्याने दुसरी एक किल्ली उचलली आणि माझ्या किल्लीशेजारी ठेवली.

"ताईकडची मागची खोली," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटायचं, तू कंटाळून गेलीस तर… इथे एकट्याने राहवणार नाही मला."

"लबाड!"

"तू कोण मग?"

साखरेत बसून आम्ही हसत सुटलो.

लगेच दोघं दोन दिशांना गेलो. घरमालकीणबाईंच्या हातात किल्ली ठेवली आणि अंग हलकं झालं. परत आले, तर होडी रिकामी. मी धक्क्यावर बसून राहिले. ताईने थांबवून घेतलं असेल का त्याला? पाणी पुन्हा चढायला लागलं…

मग तो दिसला. काखेत भलीमोठी उशी होती.

"ताईने दिली. म्हणाली, तुझी उशीही घेऊन जा, आता इथे यायचं ते दोघांनी जेवायला."

मी त्याच्या कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर नीट बसवला. "उशीर केलास," मी म्हटलं. "घरी चल."