परत न दिलेली पाटी

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. मला गोष्टी रचता येत नाहीत. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते. ज्याला खोटं वाटेल त्यानं मांडवगणला यावं आणि वैशाखात भर दुपारी आमच्या डोहात उतरून दाखवावं.

त्र्याहत्तर सालची वैशाखी अमावस्या. वेळ दुपारी बाराची.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

दुष्काळात नदी आटली आणि प्यायला एक डोह तेवढा उरला. त्यातच गावानं दोरांसाठी अंबाडी भिजत घालायची, त्यातच मेलेली जनावरं ढकलायची. पाणी हिरवं पडलेलं. वासानं जीव गुदमरायचा. घरोघरी हगवण. बापे मात्र पारावर बसून सरकारी माणसाची वाट बघत होते.

मी म्हणाले, "मळा तंबाखू. गाळ बाया काढत्यात."

घरटी एक बाई घेतली. माझ्या घरची अंजना, माझी सून. लग्नाला दोन महिने झालेले.

तळापासून काठापर्यंत बायांची रांग. तळाची बाई कळकाची विणलेली पाटी गाळानं भरायची, पाटी हातोहात वर यायची. काठावर मी ती ओतायची आणि रिकामी पुन्हा हातोहात खाली धाडायची. भरलेली घेतली की रिकामी द्यायची, हा नियम मीच घातलेला.

तळाला चांगुणा होती. तिच्यावर अंजना.

आमच्या डोहाला आसरांची, पाण्यातल्या सात बायांची, जागा आहे. बाराच्या ठोक्याला तिथं कुणी थांबत नाही. म्हातारी रंगुबाई म्हणाली, "बये, बारा वाजलं. पोरींना वर घे."

"मावशी, तुमच्या आसरांनाच सांगा की गाळ उपसाय यायला! तशी बी माणसं कमीच हायती."

सगळ्या हसल्या.

मीही हसले...

सकाळपासून टिटवी ओरडत होती. ती गप्प झाली.

मग वास गेला. आठ दिवस नाकात बसलेला तो कुजका वास... एकदम गेला.

पाट्या भराभर येऊ लागल्या. गाळ रांजणाच्या बुडासारखा गार.

"चांगुणाला आज लईच जोर आलाय," मी म्हणाले.

"मला कुठला जोर?"

आवाज माझ्या मागून आला...

चांगुणा घागरीपाशी बसून पाणी पीत होती. "मी मघाच आले की पल्याडनं वर. पाय भरून आलं."

तेवढ्यात माझ्या हातात आणखी एक भरलेली पाटी आली.

"अंजना! पाटी कोण देतंय गं तुला?"

"चांगुणाबाई." ती वळली नाही. एक पाऊल खाली उतरली.

"आगं, खाली कुठं चाललीस?"

"त्यांचा हात पोचंना, आत्याबाई."

अजून एक पाऊल...

गुडघे बुडाले. मग कंबर.

रांगेतल्या बाया कधी पळाल्या ते कळलं नाही. मी गाळ तुडवत खाली गेले आणि अंजनाला कमरेला मिठी मारली. ती हलेना. खालून कुणी धरल्यासारखी.

तिच्यापुढं कुणी नव्हतं. काळं पाणी होतं.

आणि पाण्यातून... पाटी वर आली.

काठोकाठ भरलेली. धरणारे हात मला दिसले नाहीत.

सकाळपासूनची सवय. मी हात पुढं केला आणि पाटी घेतली.

त्याच क्षणी अंजना सुटली. फरफटत तिला काठावर आणलं. दोन्ही मनगटांवर बोटांचे काळे वळ होते. गाळ वाटेतच सांडला, पाटी माझ्या काखेतच राहिली.

दिवस मावळेपर्यंत डोहाच्या तळाला नितळ पाणी लागलं. गोड. गाव प्यालं, हगवण थांबली. बाप्यांनी मला हार घातला. मी घेतला. का घेऊ नये?

पण ती पाटी मी खाली दिली नाही. कोण जाणार परत? गोठ्यात खुंटीला टांगून ठेवली.

सहा वर्षं झाली. दर वैशाखात दुपारी ती बुडाकडून ओली होते. वरचं छप्पर कोरडं ठणठणीत. आणि दर वैशाखात अंजना म्हणते, "आत्याबाई, देऊन टाका की ती."

"जीभ आवर," एवढंच मी म्हणते.

काल अमावस्या झाली. आज सकाळी खुंटी रिकामी आहे.

अंजना चुलीपुढं भाकरी थापत होती. "पाटी तू नेलीस?"

"न्हाई ओ. मी उंबरासुद्धा वलांडला न्हाई."

माझी सून खोटं बोलत नाही. पण तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले होते. चिखल ओला... गार.

मी सासू. आजवर कुणापुढं वाकले नाही. खाली बसून तिचे पाय धुतले.

दाराला कडी घातली आहे. तिला समोर बसवून हे लिहिते आहे.

रिकामी पाटी खाली पोचली. म्हणजे आता भरलेली वर यायची.

बारा वाजत आले. टिटवी आत्ताच गप्प झाली.

अंजना मघापासून नुसती दोन्ही हात पुढं धरून बसली आहे.