मुमुनीचा ठोकळा

भर दुपारी बेडियाकोने आपला लाकूड वाहायचा ट्रक कुमासीतल्या सुआमे या गॅरेजवस्तीच्या उतारावर, अटाकोरा मास्टरच्या गॅरेजपुढे आणून उभा केला. काम साधंच होतं, इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे दम, तपासायचं. पण ते बघायला लारिबा उत्तरेकडच्या गावाहून आली होती आणि गुडघे दुखतात म्हणून ट्रकच्या मागे सावलीत स्टुलावर बसली होती. याच ट्रकखाली तिचा मुलगा मुमुनी गेला होता.

तो बेडियाकोचा क्लीनर. मामपोंगच्या चढावर गाडी मागे घसरली. बेडियाकोने ड्रायव्हरांच्या युनियनला सांगितलं की इंजिनात दमच नव्हता, आणि मुमुनी चाकाला लावायचा ठोकळा न घेताच उतरला. ठोकळा सापडलाही नाही. तेव्हापासून स्टँडवर विसराळू माणसाला 'मुमुनी' म्हणायची पद्धत पडली होती. लारिबाला तेवढंच पुसायचं होतं. इंजिनात दम निघाला तर बेडियाकोचं सगळंच सांगणं खोटं ठरणार होतं, आणि अटाकोरा सांगेल ते युनियन मानणार होती.

अटाकोराने डिझेल बंद केलं, पहिल्या सिलिंडरचा इंजेक्टर काढला आणि त्या भोकात गेज बसवला.

"मार स्टार्टर."

केबिनमध्ये बेडियाकोने चावी फिरवली. इंजिन घरघरलं, काटा चढला आणि वरच थांबला. बटण दाबलं की हवा फुसकन सुटायची, काटा शून्यावर यायचा. मग पुढचा सिलिंडर. सगळ्यांत काटा तेवढाच चढत होता.

"दम नाही म्हणालास ना? हे इंजिन तुला-मला पोचवून परत येईल."

"चढावर नव्हता, मास्टर..."

"चढावर काय, त्याने उपास धरला होता?"

बेडियाकोने एका हाताने हँडब्रेकचा दांडा धरला आणि दुसऱ्याने पुन्हा चावी फिरवली. शेवटचा सिलिंडरही ठणठणीत निघाला. अटाकोराने गेज काढून फडक्यावर ठेवला, आणि त्याच वेळी केबिनमध्ये हँडब्रेक सुटल्याचा आवाज झाला. ट्रक मागे सरकू लागला.

सुआमेत चाकाला ठोकळा लावायचं काम क्लीनरचं. मास्टर त्याला हात लावत नाही, ड्रायव्हर तर नाहीच. आज क्लीनर नव्हता, आणि ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मावशी, उठा," अटाकोरा ओरडत धावला. तिला उठता येईना.

धप्प झालं. ट्रक थांबला. चाक तिच्या स्टुलापासून वीतभर लांब होतं आणि त्याखाली एक लाकडी ठोकळा रुतला होता. धरायला निळ्या चिंधीची वेणी होती. गॅरेजची जमीन तेलाने काळी, पण ठोकळ्याला लाल माती लागली होती, ओली.

"कुणी लावला?"

"दिसलं नाही कुणी... पळत आल्याचा आवाज आला फक्त." लारिबाने वेणीला हात लावला. "ही मी घातलीय."

बेडियाको खाली उतरला. ठोकळा बघून तो होता तिथेच जमिनीवर बसला.

"तो मी दरीत फेकला होता, मास्टर... भाजलेली केळी घ्यायला गाडी थांबवली होती. मुमुनी ठोकळा लावतच होता. लावून व्हायच्या आत मी ब्रेकवरचा पाय उचलला."

लारिबाला रडू कोसळलं. इतके महिने तिने ते दाबून ठेवलं होतं.

"हेच युनियनसमोर बोलायचं," अटाकोरा म्हणाला. "आत्ता. हीच गाडी घेऊन जा."

त्याला बेडियाकोकडे बघवेना. तो हत्यारं आवरायला वळला. गेज फडक्यावर होता, नळी मोकळी. तरी काटा वर चढत होता, उतरत होता, भरभर, धाप लागलेल्या माणसाच्या छातीसारखा. त्याने बटण दाबलं. काटा हलतच राहिला.

"मावशी... हे बघा."

लारिबाने डोळे पुसले आणि बराच वेळ काट्याकडे पाहिलं.

"धावत आलाय," ती म्हणाली. "बसून घे रे, बाळा."

काटा सावकाश शून्यावर आला. मग केबिनचं क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं आणि आतून ओढून घ्यावं तसं लागलं. बेडियाको अजून खालीच बसला होता.