काठोकाठ लोटा

"बाई, उद्या माझ्या माणसाची नोकरी जातेय," ओसरीवर टेकता टेकताच जमिलाने पदर डोळ्यांना लावला. "कंपनीची जीप चाकणच्या वळणावर खड्ड्यात गेली. आत दोघंच. युनूस म्हणतो, साहेब चालवत होते. साहेब म्हणतात, युनूस."

चिंचवडात लबाडीचा छडा लावावा तो दुर्गाबाईंनीच. आज त्यांचा सोमवार. पाण्याचा काठोकाठ लोटा घेऊन त्या उठल्या. मागोमाग त्यांचे तपासातले जोडीदार, निवृत्त हवालदार हिंदुराव.

"उपाशीपोटी कशाला ही दगदग?" हिंदुराव कुरकुरले.

टायरचे काळे पट्टे वळणाच्या ऐन मध्यावर सुरू होऊन सुतासारखे सरळ खड्ड्यात उतरले होते. कासारवाडीच्या गॅरेजात चेपलेली जीप होती. ब्रेकच्या पेडलच्या खाचांतून बाईंनी काळी वाळू उकरून पुडीत बांधली.

भट्टीखात्याचे ज्योतीराम साहेब ठासून म्हणाले, "त्या जीपचं चाक मी कधी धरलेलं नाही. चालवतो ती माझी मोटार."

"मग त्या वळणापर्यंत सोडा की आम्हाला," बाई म्हणाल्या. " युनूसलाही घेऊ."

साहेब बुटांनिशी बसले. वळणात शिरल्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि लोटा बाईंच्या मांडीवर हिंदकळला.

परतताना बाईंनी लोटा पुन्हा भरला आणि चाक युनूसला दिलं. त्याने आधी चपला काढल्या.

"हे काय रे?" हिंदुरावांनी विचारलं.

"गाडीवर पोट चालतं, हवालदारसाहेब. कुठल्याही गाडीत चपला घालून कसं बसायचं?"

वळणाच्या बऱ्याच आधी त्याने वेग उतरवला, ब्रेक सोडला, मग चाक फिरवलं. रस्ता सरळ झाल्यावरच वेग दिला. थेंब सांडला नाही.

"खोटं कोण बोलतंय, देवच जाणे," हिंदुराव पुटपुटले. बाईंनी भरलेला लोटा त्यांच्यापुढे धरला.

मॅनेजर उद्धवरावांच्या खोलीत सगळे जमले.

"टायरची पकड म्हणजे एकच भाकरी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ब्रेक, वळण, वेग, तिघांनी वाटून खायची. भर वळणात ब्रेक करकचून दाबला, की सगळी भाकरी तोच खातो. पुढची चाकं जाम होतात. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. पट्टे सरळ आहेत. वळणात ब्रेक दाबायची खोड युनूसची नाही."

"खोड म्हणजे पुरावा नव्हे!" ज्योतीराम उसळले.

"खरंय. म्हणून ही पुडी." बाईंनी ती टेबलावर सोडली. "पेडलमधली वाळू. भट्टीखात्यात ओतकामाच्या साच्यांत भरतात ती, बुटाच्या तळव्याला चिकटून आलेली. युनूस तर अनवाणी चालवतो. आणि तुम्ही त्या जीपचं चाक कधी धरलंच नव्हतं, नाही का?"

ज्योतीरामांनी पाय खुर्चीखाली ओढले. "बढती तोंडावर होती," ते कसेबसे म्हणाले.

उद्धवरावांनी युनूसच्या बडतर्फीचा कागद टरकन फाडला.

फाटकाशी युनूस गाडी घेऊन उभा होता. "चला बाई, सोमवार सोडायची वेळ झाली."

हिंदुराव गाडीच्या दारापाशी थबकले. खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.