समलय पाळणे

परवाना निरीक्षक यायचे म्हणून वृषाली जगदाळेनं ‘चिमणघर’ पाळणाघराची पुसलेली फरशी पुन्हा पुसून घेतली, दारात रांगोळी काढली आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरून झाकण ठेवलं. चंद्रावर वस्ती झाली तरी सरकारी साहेबाचे पोहे काही चुकायचे नाहीत, असं तिची नणंद प्राची म्हणायची. हल्ली मात्र प्राची फारसं बोलत नव्हती.

चाकणच्या बॅटरी कारखान्यांत आईबाप दोघंही पाळीवर जायचे आणि त्यांची बारा तान्ही बाळं इथल्या समलय पाळण्यांत झोपायची. पाळणे दिसायला साधेच होते. प्रत्येकाच्या उशात एक पातळ चकती होती. बाळाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी ती टिपायची आणि सांभाळणाऱ्या बाईच्या कपाळावरच्या लयपट्टीशी त्यांची सांगड घालायची. बाई शांत, तर बाळंही शांत. एरवी बारा तान्ही बाळं एकटीनं सांभाळायची म्हणजे आवळ्याची मोट बांधायची. पण या पाळण्यांच्या भरवशावर सरकारनं बारा बाळांमागे एक बाई पुरे, असा नियमच करून टाकला होता. चिमणघरातली ती बाई म्हणजे प्राची.

तपासणी म्हटलं की तालीम, हे वृषालीच्या रक्तातच होतं. तिच्या शाळेत साहेब यायच्या आधी बाई उत्तरं घोकून घ्यायच्या; कुणी हात वर करायचा आणि कुणी मागच्या बाकावर गप्प बसायचं, तेही ठरलेलं असायचं. आता तान्ह्या बाळांकडून काय घोकून घेणार? म्हणून तिनं प्राचीची तालीम घेतली. मधूनमधून लयपट्टी उतरवावी, असं पाळणे बसवायला आलेला माणूस बजावून गेला होता. ते बाईच्या सोयीसाठी असेल, असं वृषालीनं धरलं. महिनाभर तिनं प्राचीला जेवतानासुद्धा पट्टी काढू दिली नाही. हळूहळू एकही बाळ किरकिरेनासं झालं आणि वृषालीचा जीव भांड्यात पडला.

प्राची तोंडानं फटकळ होती. लग्न होऊन आलेल्या वृषालीला त्या घरात पहिली मैत्रीण मिळाली ती हीच. सासूबाईंचा राग निम्मा स्वतःवर ओढून घेणारी नणंद किती जणींच्या नशिबात असते? तालमीच्या दिवसांत मात्र ती बदलली. बाळांबरोबर तिचाही डोळा लागायचा. ‘चमचा’ म्हणायला जायची आणि तो शब्दच तिला सापडायचा नाही. मध्येच पंख्याकडे बघून हसत बसायची.

“बारा लेकरांची आई झालीस, आता डोकं ठिकाणावर राहायचं नाहीच,” वृषाली तिला चिडवायची. पूर्वी प्राचीनं एकाला चार ऐकवली असती. दमली असेल, तपासणी झाली की तिला माथेरानला पाठवू, असं वृषालीनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

निरीक्षक वाघचौरे आले, त्यांच्याबरोबर पाळणे बनवणाऱ्या कंपनीच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. नाझनीन मुजावर होत्या. वाघचौऱ्यांच्या हातात लयमापक नावाचं नवं यंत्र होतं.

“काही लोक जादा बाळं आतल्या खोलीत दडवतात,” ते म्हणाले. “आता डोकी मोजायची गरज नाही. समलयीत किती मेंदू आहेत, त्यांत तान्हे किती आणि मोठे किती, हे यंत्रच सांगतं.”

“आमच्याकडं लपवण्यासारखं काही नाही, साहेब,” वृषाली म्हणाली.

प्राची पाळण्यांच्या मधोमध स्टुलावर बसली होती. नवा ड्रेस, घट्ट वेणी, कपाळावर पट्टी. एकही बाळ हूं की चूं करत नव्हतं. वाघचौऱ्यांनी यंत्र सुरू केलं, आकडे पाहिले आणि ते पुन्हा सुरू केलं.

“बाळं तेरा,” त्यांचा आवाज कडक झाला. “तेरावं कुठं ठेवलंय?”

“बाराच आहेत, साहेब. मोजा ना.”

त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, कपाटं उघडली, गाद्यांच्या गठ्ठ्यामागंही वाकून पाहिलं. वृषाली त्यांच्या मागून शपथा घेत फिरत होती. ते परत आले तेव्हा डॉ. मुजावर यंत्राकडे एकटक पाहत होत्या.

“खालची ओळ वाचलीत?” त्यांनी विचारलं. “मोठी माणसं शून्य.”

त्या प्राचीपुढे बसल्या आणि आपलं बोट तिच्या तळहाताला लावलं. प्राचीनं ते मुठीत गच्च धरलं, तोंडाकडे नेलं आणि चोखायला लागली.

रोज वेणी घालताना, घास भरवताना आपल्याला हे दिसलं कसं नाही, ते वृषालीला कळेना. घास भरवताना! महिन्याभरापूर्वी तर प्राची स्वतःच्या हातानं जेवत होती.

“हे कसं शक्य आहे?” वाघचौऱ्यांनी विचारलं.

“दोन लंबकांची घड्याळं एकाच फळीवर टांगली की थोड्या वेळानं एका लयीत हलायला लागतात,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “कुणाच्या मागं कोण जातं, तर थोडे जातात पुष्कळांच्या मागं. बाळं मोठ्या माणसाच्या लयीत येतील, असं आम्ही धरून चाललो. पण मोठं माणूस एकच होतं आणि बाळं बारा. मधूनमधून पट्टी उतरली असती, तर बाई आपल्या लयीत परत आली असती.”

“तुमच्या चाचण्यांत हे दिसलं नाही?”

“चाचण्यांत आम्ही फक्त बाळांचे मेंदू मोजले. बाळं शांत होती.” त्यांनी मान खाली घातली. “बाईचा मेंदू मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

“आणि आम्ही त्यावर नियम केला,” वाघचौरे हळूच म्हणाले.

वृषाली धावत प्राचीकडे गेली आणि पट्टी ओढायला लागली. डॉ. मुजावरांनी तिचा हात घट्ट धरला.

“थांबा. हिची स्वतःची लय पुसली गेलीय; आता काढलीत तर ही आहे तिथंच राहील. बाळाचा मेंदू वाढत असतो, हिचा वाढून झालाय. आपणहून पुढं सरकायला त्याच्यात जोरच नाही.”

“मग आम्ही लावतो पट्ट्या. चार मोठी माणसं मिळून तिला ओढतो.”

“इतकं अंतर एका हिसक्यात तुटत नाही. लंबकाला हिसडा दिला की तो थांबतो. तिला हळूहळूच आणावं लागेल, बाळ मोठं होतं त्या वेगानं. आणि त्या वेगानं वाढणारं या खोलीत दुसरं कोण आहे?”

वृषालीनं पाळण्यांकडे पाहिलं. बारा बाळं रांगायला लागतील तेव्हा प्राची रांगेल. ती बोलायला लागतील तेव्हा प्राचीला शब्द सापडतील. ती शाळेत जातील तेव्हा कदाचित आपली नणंद आपल्याला परत मिळेल.

“हे पाळणाघर मला आत्ताच्या आत्ता बंद करावं लागेल,” वाघचौरे म्हणाले. “बाळं आपापल्या घरी जातील.”

“बंद केलंत तर ही कायमची अशीच राहील.” वृषाली त्यांच्यासमोर उभी राहिली. परवान्यासाठी तिनं महिनाभर जिवाचं रान केलं होतं. आता तोच परवाना मागताना तिला स्वतःची शिसारी आली. “परवाना द्या, साहेब. तेरा बाळांचा. नव्या कुणाला पट्टी बांधायची नाही. बायका ठेवीन, दोन बाळांमागं एक, लागलं तर घर विकून. रडू देत बाळं, आम्ही हातानं थोपटू.”

“आईबाप तयार होतील?”

“मी एकेकाच्या पाया पडेन. सगळं खरं सांगून.”

वाघचौऱ्यांनी परवान्याचा कोरा अर्ज बाहेर काढला. “तेराव्या बाळाचे पालक कोण?” त्यांनी विचारलं.

“मी,” वृषाली म्हणाली.

तेवढ्यात दुधाची वेळ झाली. बारा पाळण्यांतून आणि स्टुलावरून एकदमच रडणं फुटलं, एकाच सुरात, एकाच श्वासात. प्राचीचा चेहरा लालबुंद झाला होता. वृषालीनं तिला पोटाशी धरलं आणि बाटली तिच्या ओठांना लावली. डॉ. मुजावरांनी दोन बाळं उचलली, तरी बाकीची टाहो फोडतच होती.

वाघचौऱ्यांनी यंत्र खाली ठेवलं. जवळच्या पाळण्यावर ते वाकले आणि दोन्ही हात पुढे करून तसेच थबकले. पंचवीस वर्षं पाळणाघरं तपासणाऱ्या त्या माणसानं वृषालीकडे वळून विचारलं, “मान कुठून धरायची?”